रबराची ऊब आणि विमानाची झेप

नया बाजारात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर जानेवारीच्या पहाटे ५ अंशांच्या आसपास उतरतो. रबराच्या पिळावर उडणारे छोटे विमान या दोन ऋतूंत सारखे उडत नाही. या साध्या अनुभवामागे दोन शतकांचा इतिहास आहे.

इंग्लंडमधील केंडल येथील जॉन गॉफ बालपणीच देवीच्या रोगाने दृष्टिहीन झाले. विख्यात रसायनशास्त्रज्ञ डाल्टन हे त्यांचे शिष्य. रबराची पट्टी झटकन ताणून ओठांना लावली असता ती उबदार लागते, हे गॉफ यांच्या ध्यानी आले. वजन टांगून ताणलेले रबर तापविल्यास लांबत नाही, उलट आखडते, हेही त्यांनी दाखविले. त्यांचा निबंध १८०५ साली प्रसिद्ध झाला आणि १८५९ मध्ये ज्यूल यांनी मोजमापांनिशी त्यास दुजोरा दिला. रबराचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. उष्णतेने त्यांची हालचाल वाढून त्या अधिक जोराने आखडू पाहतात, हा उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला.

या रबराला पंख दिले ते पॅरिसच्या आल्फोन्स पेनो यांनी. कमरेच्या विकारामुळे नौदलाचे दार त्यांना बंद झाले होते. १८७१ साली त्वीलरी बागेत त्यांचे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडाले. पूर्णाकृती विमानाचा त्यांचा आराखडा मात्र उपेक्षित राहिला आणि १८८० साली, ऐन तिशीत, त्यांनी जीवनयात्रा संपविली. त्यापूर्वी दोनच वर्षे अमेरिकेत एका पित्याने पेनोंच्या धर्तीचे उडते खेळणे आपल्या मुलांना आणून दिले होते. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

सिद्धान्तानुसार ५ अंशांवरून ४५ अंशांवर जाताना, ताण तेवढाच ठेवला, तर रबराची ओढ सुमारे सातव्या हिश्श्याने वाढावी. व्यवहार इतका सरळ नाही. थंड रबर ताठरते, दिलेल्या शक्तीपैकी बराच भाग स्वतःच गिळते. दीर्घकाळच्या उष्णतेने व उन्हाने ते जीर्ण होते. म्हणून जाणते छांदिष्ट थंडीत रबराला ऊब देतात आणि उन्हाळ्यात ते गार, अंधाऱ्या जागी ठेवतात.

एक दृष्टिहीन, दुसरा व्याधिग्रस्त. अशी मुले आपल्याही हजेरीपटावर असतात आणि प्रयोगाच्या तासाला त्यांना बहुधा मागच्या बाकावर बसविले जाते. या शाळेत तरी प्रयोगाचे साहित्य प्रथम त्यांच्या हाती द्यावे, एवढीच विनंती.