‘हे वाचून बघ’

ग्रंथालयाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण इमारत सांगतो, देणगीदार सांगतो, ग्रंथसंख्या सांगतो. एका माणसानं दुसऱ्याच्या हातात पुस्तक देऊन ‘हे वाचून बघ’ म्हटलं, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते. मला आज या नोंद नसलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी आपल्याला बडोद्याला जावं लागेल.

बडोदा संस्थानचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली ते दत्तक गेले तेव्हा वय बारा वर्षांचं, आणि अक्षरओळख नव्हती. ज्या वयात पोरं शाळा सोडतात त्या वयात या मुलानं पाटी हातात घेतली. पुढे त्यानं जे केलं त्याचं मूळ मला इथंच दिसतं. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ पासून तो सगळ्या संस्थानात लागू झाला. पण शिकलेलं टिकायचं कसं? चौथी झालेला पोरगा औताला जुंपला गेला की चार वर्षांत त्याला सहीपुरतीच अक्षरं उरतात. शाळेमागोमाग गावात पुस्तक गेलं नाही तर शाळेवरचा पैसा पाण्यात, हे महाराजांना कळलं.

अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवनच्या विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. बोर्डन तीनच वर्षं राहिले. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग निघाला, पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत बसली. गावच्या ग्रंथालयासाठी लोकांनी एक हिस्सा जमवायचा, मग तेवढाच सरकार घालणार आणि तेवढाच स्थानिक मंडळ घालणार, असा हिशेब होता. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, हे ओळखून केलेली ही व्यवस्था. वाचणाऱ्याला मात्र फी नव्हती.

जिथं ग्रंथालय नाही तिथं पेटी जायची. लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तकं, वाहतुकीचा खर्च सरकारचा. काही आठवडे एका गावात मुक्काम आणि मग परत. याच खात्याचे लोक मॅजिक लँटर्न घेऊन गावोगाव चित्रंही दाखवत. चित्रं बघायला आलेल्या माणसाला पुस्तकाची वाट दाखवायची, असा त्यातला हेतू. ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक १९१२ पासून निघालं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ग्रंथालयशास्त्रावर इतक्या लवकर मराठीत लिहिलं जात होतं, हे आपल्याकडं किती जणांना माहीत आहे?

पण पेटी उघडणार कोण? पुस्तक स्वतः बोलत नाही. बोर्डन यायच्या आधीपासूनच तिथं मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक खटपट करत होते. त्यांची ‘मित्रमंडळ’ ग्रंथालयं म्हणजे साधा मामला. चार मित्रांनी पैसे एकत्र करायचे, वर्तमानपत्र आणि पुस्तकं मागवायची, वाचायची आणि इतरांना द्यायची. पुढे मोतीभाई संस्थानच्या ग्रंथालय खात्यातच आले. मला वाटतं, बोर्डन यांनी गाडं बनवलं, पण त्याला बैल जुंपले ते या गुजराती मास्तरांनी. आज ज्याला आपण वाचक मंडळ म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

आणि आपल्याला हे नवं नव्हतंच. चातुर्मासात देवळात ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’ लागायचा. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार, मधेच कुणीतरी अर्थ विचारणार. आमच्याकडं माझ्या दादीला अक्षर येत नव्हतं, पण ‘कससुल अंबिया’मधल्या पैगंबरांच्या गोष्टी तिला पाठ होत्या. मोहल्ल्यातल्या एका शिकलेल्या बाई दुपारी वाचून दाखवायच्या आणि दहा-बारा जणी तांदूळ निवडत ऐकायच्या. ऐकणं हेही वाचनच, असं ती मानायची, आणि एखाद्या गोष्टीत वाचणारीनं गाळलेलं वाक्य ती बरोबर पकडायची. मी पुढं बी.ए.पर्यंत गेलो, पण इतक्या चोख वाचकाशी पुन्हा गाठ पडली नाही.

आता बडोद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच शहरात नोकरीवर रुजू व्हायला आले. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. ज्या संस्थानात खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या जात होत्या, त्याच्या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. काही तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. राजानं कायदा केला, पैसा दिला, पेट्या पाठवल्या. शेजाऱ्याचं मन काही त्या पेटीत घालून पाठवता आलं नाही. बडोद्याच्या ग्रंथालयांचं कौतुक करणाऱ्या लेखांत हा प्रसंग मला फारसा आढळत नाही. तो तिथं असायला हवा.

पण बाबासाहेब बडोद्यापर्यंत पोचले कसे, हे पाहिलं की गोष्ट पुन्हा ‘हे वाचून बघ’पाशीच येते. शाळकरी वयात ते मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसायचे. तिथं येणारे शिक्षक आणि चरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचं या मुलाकडं लक्ष गेलं. केळुसकर त्याला पुस्तकं देऊ लागले. परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीनं त्याचा सत्कार केला, त्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावाला भेट दिलं. पुढं कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्याला सयाजीरावांकडं घेऊन गेले तेही केळुसकरच. बाग हेच तिथलं वाचनालय, आणि ग्रंथपालाचं काम बाकावर बसलेल्या मास्तरांनी केलं.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात. नियम एकच आहे: पूर्ण वाचलेल्या पुस्तकाबद्दलच बोलायचं. एक निवृत्त कंडक्टर आहेत, ते प्रवासवर्णनं सांगतात आणि लेखकानं तिकिटाचा दर चुकीचा लिहिला असेल तर तेही सांगतात. त्यांनी सांगितलेलं पुस्तक सोमवारी कपाटात सापडत नाही. नवीन पुस्तकांच्या फळ्यानं हे कधी साधलं नव्हतं.

बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ला एक प्रस्तावना लिहिली होती. ती १९५६ सालची आहे. आपण बुद्धाकडं कसे वळलो, असं लोक विचारतात, म्हणून ते तिथं सत्काराच्या त्या सभेची आणि केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकाची हकिगत सांगतात. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर निघाला. ही प्रस्तावना त्यात छापली गेली नाही.