छतरपूर (दिल्ली)

छतरपूर : दिल्लीच्या दक्षिण सीमेकडील, महरौलीच्या दक्षिणेस अरवलीच्या अखेरच्या टेकड्यांमध्ये वसलेले गाव आणि त्याच्याच नावाने ओळखला जाणारा सधन उपनगरी टापू. छत्रसालाच्या नावाशी निगडित असलेले बुंदेलखंडातील छतरपूर निराळे. महरौली–गुडगाव रस्त्यावरील अंधेरिया मोडपासून फुटून फतेहपूर बेरीकडे जाणारा मार्ग या गावावरून जातो. सतबरी, मैदानगढी, राजपूर खुर्द, सुलतानपूर, घिटोरनी, जौनापूर ही शेजारची गावे. ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून हलविल्यावर १९१२ मध्ये दिल्ली तहसील व महरौली ठाण्याचा मुलूख पंजाबातून तोडून जो स्वतंत्र प्रांत करण्यात आला, त्यात हे गाव आले.

भूरचनेच्या दृष्टीने छतरपूर ही एक बंदिस्त द्रोणी आहे. सभोवार क्वार्टझाइट या अतिकठीण खडकाच्या प्राचीन, झिजलेल्या टेकड्या आणि त्यांच्या कुशीत युगानुयुगे साचलेला गाळ, असे तिचे स्वरूप असल्यामुळे टेकड्यांवरून वाहून येणारे पावसाचे पाणी यमुनेकडे निसटण्याऐवजी येथेच मुरते. दिल्लीत वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतच पडतो. तरीही या द्रोणीतील विहिरी एकेकाळी शेतीला पुरत होत्या, त्याचे कारण ही नैसर्गिक साठवण होय. दिल्लीतील सर्वांत उंच भूभाग येथून जवळच, भाटी गावाच्या परिसरात असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१८ मीटर आहे. त्याच टेकड्यांतून इमारतीच्या कामासाठी लागणारी, बाजारात ‘बदरपूर’ म्हणून ओळखली जाणारी तांबूस वाळू कित्येक वर्षे खणून नेण्यात आली. याच टेकड्यांवरील असोल्याचे वन्यजीव अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले व १९९१ मध्ये भाटीचे क्षेत्र त्यास जोडण्यात आले. बंद पडलेल्या वाळूच्या खाणींच्या खोल खड्ड्यांत आज पाणी साचून तळी झाली आहेत, आणि उतारांवर विलायती कीकराच्या दाटीत मूळचे धौ व पळस पुन्हा रुजविण्याचे प्रयत्न चालू आहेत.

या शेतकरी गावाचा श्रीमंत टापू कसा झाला, हे समजण्यासाठी जमीनविषयक कायद्यांकडे वळले पाहिजे. १९५४ च्या दिल्ली जमीन सुधारणा कायद्याने कसणारास भूमिधर म्हणून मालकी दिली. परंतु याच कायद्याच्या ३३ व्या कलमान्वये, मागे आठ प्रमाणित एकरांहून कमी जमीन उरेल असे हस्तांतर भूमिधरास करता येत नसे, मात्र संपूर्ण धारण एकाच वेळी विकून टाकण्यास मुभा होती. आणि ८१ व्या कलमान्वये शेतीखेरीज अन्य वापर केल्यास जमिनीवरून बेदखल होण्याची पाळी येई. लहान खातेदाराने मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी दोन बिघे विकावे, हा मार्ग त्यामुळे बंद झाला आणि सारी जमीन एकगठ्ठा घेऊ शकणारा शहरातील धनिक हाच खरा गिऱ्हाईक ठरला. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या तरतुदीने शेतकऱ्यालाच जमिनीवरून उठविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यात १९६२ च्या बृहत् आराखड्याने शहराभोवती हरितपट्टा राखल्यामुळे दाट वस्तीस मनाई झाली आणि शेतघराच्या नावाखाली विस्तीर्ण हवेल्या उठल्या. या वस्तुस्थितीस अखेर २०१३ मध्ये राजमान्यता मिळाली : २३ गावांचे क्षेत्र विरळ वस्तीचा निवासी विभाग म्हणून मान्य करण्यात आले व त्यासाठी किमान एक एकराचा भूखंड ठरविण्यात आला.

गावाची मूळ आबादी मात्र लाल डोऱ्याच्या आत आहे. १९०८ च्या जमाबंदीच्या वेळी पटवाऱ्याच्या नकाशावर लाल रेघेने आखलेली ही हद्द म्हणजे आपल्याकडील गावठाण. तिच्या आत महसूल नाही आणि इमारतीच्या नियमांची सक्तीही दीर्घकाळ नव्हती. म्हणून एका बाजूस कमानदार दरवाजे, दुहेरी पहारा आणि आतील हिरवळ दिसू न देणाऱ्या उंच भिंती, तर त्याच रस्त्यावर शंभर पावलांवर चार हात रुंदीच्या गल्लीत तळाला वाण्याचे दुकान, वर चार मजले भाडेकरू आणि सज्ज्यांना सज्जे भिडलेले, असे दृश्य येथे पदोपदी दिसते.

मूळ रहिवाशांत गुर्जर समाजाचे प्राबल्य असून तंवर हे आडनाव या परिसरात सर्वत्र आढळते. लाल कोट बांधणाऱ्या तोमर राजा अनंगपालाशी ते आपला संबंध जोडतात. छतरपूर विधानसभा मतदारसंघातून २००८ पासून २०२५ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत, पक्ष कोणताही असो, तंवरच निवडून आले आहेत. जमीन विकलेल्या कुटुंबांचे उत्पन्न आज मुख्यत्वे भाड्यावर चालते. भाडेकरूंत बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, उत्तराखंड व ईशान्य भारतातून आलेले नोकरदार, विद्यार्थी व कारागीर आहेत. भाटीच्या संजय कॉलनीत, अभयारण्याच्या हद्दीतच, फाळणीनंतर इकडे आलेल्या व भगीरथास आपला पूर्वज मानणाऱ्या ओड लोकांची वस्ती आहे. मातीकाम हा त्यांचा परंपरागत धंदा. खाणी त्यांच्याच हातांनी खोदल्या, आणि खाणी बंद होताच त्यांचे काम व राहण्याचा हक्क दोन्ही एकदमच संशयात पडले. या टापूच्या वर्णनात शेतघरांस मिळते त्याच्या दशांशही जागा त्यांना मिळत नाही, ही गोष्ट मनास लागते.

लोकसंख्येचे आकडे वाचताना सावधगिरी हवी. दिल्लीच्या ग्रामीण भागात २००१ मध्ये १६५ गावे व सुमारे ९.४५ लाख लोक होते. २०११ च्या जनगणनेत ११२ गावे व ४.१९ लाख लोक उरले. हे लोक कोठे निघून गेले नव्हते. त्यांची गावे जनगणना-नगरे म्हणून शहरी गणली गेली, इतकेच. शिवाय शेतघरात मालक क्वचितच राहतो, आणि माळी, स्वयंपाकी व पहारेकरी आपापल्या कुटुंबांसह कायमचे राहतात; त्यामुळे श्रीमंतांच्या म्हणून गणलेल्या वस्तीतही शिरगणतीला सापडतात ते बहुधा चाकरीचे लोक.

बाबा संत नागपाल यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या कात्यायनी देवीच्या मंदिरामुळे नवरात्रात येथे भाविकांची रीघ लागते. मैदानगढीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे. मेट्रोचे स्थानक २०१० मध्ये सुरू झाले. जुलै २०२० मध्ये राधास्वामी सत्संगाच्या विस्तीर्ण आवारात दहा हजार खाटांचे कोविड केंद्र उभारण्यात आले, ते एवढी सलग मोकळी जागा राजधानीत अन्यत्र सहजी मिळण्याजोगी नव्हती म्हणून.

हिरवळी, तरणतलाव व लग्नसराईचे मांडव यांसाठी कूपनलिकांतून जो अमर्याद उपसा झाला, त्याने द्रोणीतील भूजल अनेक ठिकाणी चाळीस मीटरहून खोल गेले आहे. शेतघरे अधिक खोल बोअर घेऊन निभावतात. लाल डोऱ्यातील घरे आणि अनधिकृत वसाहती जल बोर्डाच्या वा खाजगी टँकरवर अवलंबून असतात. साठवण मात्र सर्वांची एकच आहे, आणि टेकड्यांवर पडणाऱ्या पावसापलीकडे तिचा भरणा करणारा दुसरा स्रोत नाही.