पाठ लागणे (घोड्याची)

खोगीर, ओझे किंवा स्वार यांच्या भाराने घोड्याच्या पाठीचे कातडे, स्नायू किंवा मणके दुखावणे. कातडे सोलवटले किंवा सुजले तर निदान दिसते तरी. आतले दुखणे दिसत नाही; मग घोडा खोडीचा ठरतो आणि औषधाऐवजी त्याला चाबूक मिळतो.

घोड्याच्या कण्यात साधारणपणे 18 मणके बरगड्यांचे आणि त्यामागे 6 कमरेचे असतात. मणक्यांचे वर निघालेले काटे खांद्यांवरच्या उंचवट्यात सर्वांत लांब असतात. तिथे कातड्याखाली मांस जवळपास नसतेच, त्यामुळे अरुंद किंवा खाली बसलेल्या खोगिराची पहिली इजा बहुधा तिथेच होते. भार पेलायचा तो कण्याच्या दोन्ही अंगांच्या लांब स्नायूंनी. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे गेले, की तोच भार बिनआधाराच्या कमरेवर पडतो. काही घोड्यांत स्वाराच्या बैठकीखालचे काटे एकमेकांना टेकून घासू लागतात. हे एक्स-रेत दिसते. पण असे काटे असूनही बिनतक्रार काम करणारे घोडे आहेत, म्हणून नुसत्या चित्रावरून निदान करू नये.

तंग आवळताना कान मागे पाडणे, वळून चावायला येणे, स्वार बसताच पाठ खाली सोडणे, उतारावर अडणे, खरारा करताना अंग चोरणे या नेहमीच्या खुणा होत. पाठ तपासताना बोटे सपाट ठेवून उंचवट्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी सावकाश दाबत जावे. बोटांची टोके खुपसली तर निरोगी घोडाही दचकतो. दुखऱ्या जागी स्नायू दगडासारखा घट्ट लागतो किंवा घोडा त्या हाताखालून निसटू पाहतो. काम संपल्यावर खोगिराखालचा घामही पाहावा. सगळीकडे ओले आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल, तर तिथे दाब फार पडतो आहे असा संशय घ्यावा. काळ्या-तांबड्या अंगावर खोगिराच्या जागी उगवलेले पांढरे केस ही जुन्या इजेची खूण. घोडा विकत घेताना ती जरूर पाहावी. मागच्या पायाचे लंगडणे, दातांचे दुखणे आणि पोटातले व्रण यांतही घोडा असाच वागतो, तेव्हा पशुवैद्यकाने तीही तपासणी करणे इष्ट.

कारण बहुतेक वेळा घोड्यात नसून त्याच्यावर घातलेल्या सामानात असते. ब्रिटिश लष्करातील पशुवैद्यक फ्रेडरिक स्मिथ यांनी 1891 मध्ये खोगीर आणि लागलेल्या पाठी या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, यावरून घोडदळाला याची धास्ती किती होती ते कळते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने पर्यटकांची ने-आण घोड्यांवर होते. दर फेरीला स्वाराचे वजन आणि बसण्याची ढब बदलते, पाठ मात्र तीच. खोगिरासह एकूण भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिस्स्यापेक्षा जास्त नसावा असा ढोबळ नियम आहे. 300 किलोच्या तट्टाला त्या हिशेबाने 60 किलो, आणि त्यातही खोगीर आले. संसार लादून चालणाऱ्या मेंढपाळ धनगरांच्या घोड्यांना वजनाइतकाच एका बाजूला कलंडलेल्या ओझ्याचा त्रास होतो. पावसाळ्यात खोगिराखालचा भिजलेला नमदा (लोकरीची जाड घडी) कातडे मऊ करतो आणि मग थोड्या घर्षणानेही ते सोलवटते.

उपचाराची सुरुवात खोगीर उतरवण्यापासून होते, आणि जखम भरेपर्यंत ते पुन्हा चढवायचे नाही. हा भाग मालकाला सर्वांत जड जातो, कारण रोजगार बुडतो. पण खोगीर चालू ठेवून लावलेले मलम वाया जाते. ताज्या सुजेवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. सोलवटलेली जागा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवावी आणि माश्यांपासून जपावी, नाहीतर अळ्या पडतात. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो, म्हणून लस झालेली आहे ना, हे आधी पाहावे. वेदनाशामक औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. दुखणे दाबून घोडा कामाला जुंपला तर इजा वाढते. उंचवट्यावर गळू आले तर घरी चिरू नये. त्यात ब्रुसेला जंतू असू शकतो आणि तो माणसालाही लागतो.

जखम भरल्यावर आधी हाताने धरून चालवणे, मग चढउतार, आणि स्वार सर्वांत शेवटी. गाजर दाखवून मान बरगडीपर्यंत वळवायला लावण्याचा व्यायाम पाठ मोकळी करतो. विश्रांतीत स्नायू उतरलेले असतात, त्यामुळे जुने खोगीर पूर्वीसारखे बसत नाही. स्वार बसलेला असतानाही उंचवटा आणि खोगीर यांत दोन-तीन बोटे जावीत आणि कण्यावरची पन्हळ पुढून मागेपर्यंत मोकळी राहावी. अरुंद खोगिराखाली जादा गादी घालण्याची सवय सर्वत्र आढळते. तिने खोगीर आणखी आवळते.