तालुक्याच्या गावाचा विकास आराखडा

तालुक्याचे ठाणे असलेले वा बाजाराचे मोठे गाव पुढील वीसेक वर्षांत कोणत्या अंगाने वाढावे, नवे रस्ते कुठून जावेत, शाळा, मैदान, दवाखाना, बाजार यांसाठी कोणती जमीन राखून ठेवावी, हे ठरवणारा कायदेशीर दस्तऐवज. नकाशा, अहवाल आणि बांधकामाची नियमावली मिळून तो पुरा होतो. त्याला ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966’चा आधार आहे. कायद्यात त्याचे नाव ‘विकास योजना’ असले तरी बोलण्यात ‘डीपी’ हाच शब्द चालतो. ‘आमच्या जमिनीवर आरक्षण पडले’, ‘मळा यलोत आला’, ‘मागून डीपी रोड जातोय’ ही भाषा आता बांधावरही ऐकू येते. नकाशातला पिवळा रंग राहण्याच्या जागेचा आणि हिरवा शेतीचा. या दोन रंगांमधल्या रेषेवर जमिनीचा भाव ठरत असल्याने आराखड्याबद्दलची बहुतेक उत्सुकता तिथेच अडकते.

पूर्वपीठिका : गावाची आखणी कायद्याने करण्याची सुरुवात मुंबई इलाख्यात 1915 च्या नगररचना अधिनियमाने झाली. त्यातील नगररचना योजनेत शेजारशेजारच्या जमिनी एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक जागा काढून घेऊन, उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत दिली जात असे. गुजरातने ही पद्धत नेटाने चालवली, महाराष्ट्रात मात्र ती मागे पडली. याच काळात पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नियोजनकार हिंदुस्थानात आला. पुढे 1919 मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी घरे पाडण्यास त्याचा विरोध होता. गल्लीबोळ पायी हिंडावे, पडकी घरे तेवढी काढून लहान चौक मोकळे करावेत, विहीर, तळे आणि झाड राखावे, असे तो सांगे. शंभर वर्षांनंतरही गावठाणाबाबत याहून शहाणी सूचना कोणी केलेली दिसत नाही.

कोऱ्या जमिनीवर बाजारपेठ आखण्याचा नमुना म्हणून जयसिंगपूरचे नाव घ्यावे लागते. कोल्हापूर–मिरज लोहमार्गालगत राजर्षी शाहू महाराजांनी हे गाव वसवले आणि त्याला आपल्या वडिलांचे, जयसिंगराव घाटगे यांचे, नाव दिले. एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांमुळे तिथला पत्ता आजही गल्लीच्या क्रमांकाने सांगतात. अर्थात ही सोय संस्थानिकाच्या हुकमाने झाली. तिथे हरकती ऐकण्याचा प्रश्न नव्हता.

अंमलदार संस्था व कार्यपद्धती : 74 व्या घटनादुरुस्तीने (1992) ग्रामीण भागातून शहरी होऊ लागलेल्या वस्त्यांसाठी नगरपंचायतीची तरतूद केली. 2014 पासून महाराष्ट्र शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण घेतले. सरपंच जाऊन नगराध्यक्ष आला, ग्रामसेवक जाऊन मुख्याधिकारी. आराखड्याची जबाबदारीही त्याबरोबरच आली, पण तो काढणारा नियोजनकार लहान नगरपंचायतीकडे नसतो. काम नगररचना विभागाच्या अधिकाऱ्याकडे जाते.

इरादा जाहीर करणे, जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा तयार करणे, प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून 30 दिवस हरकती व सूचना मागवणे, नियोजन समितीपुढे सुनावणी आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी, असे टप्पे आहेत. कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा लागला की माणसे आधी आपला गट नंबर शोधतात, हे स्वाभाविकच आहे. हरकतींचा मोठा भाग ‘माझ्या जमिनीवरचे आरक्षण उठवा’ एवढाच असतो. बाजारतळ अपुरा आहे म्हणून अर्ज करणारा विरळा.

लोकसंख्येचे गणित : आराखड्याचा सगळा हिशेब रहिवासी लोकसंख्येवर उभा असतो. मागील जनगणनांवरून पुढचा अंदाज बांधायचा आणि दर हजार माणसांमागे मैदान किती, शाळा किती, हे काढायचे. 2021 ची जनगणना लांबणीवर पडल्याने कित्येक आराखड्यांना 2011 च्या आकड्यांवरच विसंबावे लागले. पण आकडे ताजे असते तरी मूळ अडचण सुटली नसती, कारण तालुक्याचे गाव तिथे राहणाऱ्यांपुरते नसते. तहसील, पंचायत समिती, दुय्यम निबंधक, ग्रामीण रुग्णालय, कॉलेज, बियाणे-खतांची दुकाने, सराफ, मंगल कार्यालय यांचा वापर करणारी माणसे आसपासच्या खेड्यांतली असतात. रात्री मोजली तर ती कुठेच दिसत नाहीत. दुपारी एसटी स्टँडवर उभे राहिल्यास दिसतात.

आठवडी बाजाराच्या दिवशी ही तफावत उघडी पडते. भाजी, मिरची, भांडी, कपडे, कोंबड्या, चपलांची दुरुस्ती असा पसारा बाजारतळात न मावता रस्त्यावर येतो. पथविक्रेता अधिनियम, 2014 विक्रेत्यांच्या बाजूचा आहे. नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा त्यांच्यासाठीच आहेत. पण विक्रेत्यांना सामावून घेण्याची मर्यादा त्यातही लोकसंख्येच्या 2.5 टक्के अशीच घातली आहे. सोमवारी एका गावात आणि मंगळवारी दुसऱ्या गावात पाल ठोकणारा व्यापारी या टक्केवारीत नेमका कुठल्या गावचा धरायचा, हे कोडेच आहे. गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही असाच आखीव ओळींच्या बाजारवास्तूबाहेर पसरतो.

गावाचे मध्य सरकणे : जुने मध्य म्हणजे वेस, देऊळ, पार आणि पेठ. 1948 मध्ये एसटी सुरू झाली आणि पुढे गावोगावचे स्टँड मोकळ्या जागेसाठी गावाच्या कडेला उभे राहिले. दुकाने तिकडे सरकली. नंतर बाजार समितीचे आवार आणखी पुढे गेले. पेठेतल्या सामाईक भिंतींच्या वाड्यांना वारस अनेक असतात. रस्तारुंदीची रेषा घरावरून गेल्यास नवे बांधकाम त्या रेषेमागे सरकून करावे लागते, म्हणून कोणी बांधतच नाही. वाडा हळूहळू ढासळतो आणि रस्ता काही रुंद होत नाही.

अंमलबजावणी : आराखड्यातली आरक्षणे ताब्यात घ्यायला पैसा लागतो आणि लहान नगरपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी व गाळ्यांच्या भाड्यापलीकडे फारसे जात नाही. मोबदल्यात विकास हक्क (टीडीआर) देण्याची सोय आहे. मात्र जिथे एकमजली घराला परवानगीच्या अर्धेही बांधकाम लागत नाही, तिथे तो हक्क विकत घेणार कोण? आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. तोवर पिवळ्या पट्ट्याबाहेर गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनींवर वसाहती उठलेल्या असतात.

महामार्गाचा निर्णय तर आराखड्याच्या हातातच नसतो. मुंबई–गोवा महामार्गावर कणकवलीच्या बाजारातून उड्डाणपूल गेला आणि पुलाखालची पेठ सेवारस्त्यावर आली. याच महामार्गावरच्या झाराप–पत्रादेवी बाह्यवळणाने सावंतवाडीला बाजूला टाकले. तिथे मोती तलाव आणि त्याच्या काठचा बाजार ट्रकांच्या गर्दीतून सुटले. मात्र महामार्गावरून जाणारा प्रवासी आता गावात शिरत नाही.