जुन्या कार्यालयीन दूरध्वनी यंत्रणेची विल्हेवाट

वापरातून काढून टाकलेली ईपीएबीएक्स यंत्रणा, दूरध्वनी संच व फॅक्स यंत्रे भारतात ई-कचऱ्यात मोडतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार, आर्थिक वर्षात अनुसूचीतील किमान १,००० उपकरणे वापरणाऱ्या आस्थापनांनी हा कचरा केवळ नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपवणे बंधनकारक आहे.

डिजिटल संच बहुधा त्याच कंपनीच्या एक्स्चेंजवर चालतात. त्यामुळे उत्पादन थांबलेल्या मॉडेलचे सुस्थितीतील संच व कार्डे सुटे भाग म्हणून विकली जातात. विक्रीपूर्वी व्हॉइसमेल, संपर्कयादी व कॉलच्या नोंदी पुसून टाकणे आवश्यक असते. यंत्रणेतील शिसे-आम्ल बॅटऱ्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू होतात. तांबे मिळवण्यासाठी तारा उघड्यावर जाळल्यास त्यांच्या पीव्हीसी आवरणातून विषारी वायू बाहेर पडतात.