खरारा, ब्रश आणि करडई

परभणीकडच्या जुन्या गोठ्यांत खुंटीला एक लोखंडी वस्तू टांगलेली दिसते. दात्यांच्या समांतर पट्ट्या आणि मागे धरायला मूठ. हा खरारा. मुळात घोड्याचा. घोडे गेले, तरी बैलांच्या अंगावरची माती नि गळणारे केस काढायला तो राहिला.

आमच्या घरी आलेल्या गावठी कुत्र्याच्या अंगावरून ऐन उन्हाळ्यात कोंडा झडू लागला, तेव्हा आम्हीही हाच खरारा उचलला. दोन दिवसांत त्याच्या पाठीवर ओरखडे उठले! चूक आमची होती. बैलाची कातडी जाड. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे जेमतेम ३ ते ५ थर असतात; आपल्या त्वचेत १० ते १५. मग कुत्र्याला कोणता ब्रश घ्यावा?

त्यासाठी ब्रश नेमके काय करतो ते पाहावे लागेल. केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. त्यांचे तेल मुळाशीच साचते. ब्रश ते टोकापर्यंत पसरवतो. जुने ब्रश डुकराच्या राठ केसांचे असत. हे केस आणि कुत्र्याचे केस दोन्ही केराटिन या प्रथिनाचे, दोन्हींवर सूक्ष्म खवले. त्यामुळे तेल धरून पुढे नेणे त्यांना जमते. पुढे नायलॉन आले. १९३८ साली ते प्रथम बाजारात दिसले तेच दात घासायच्या ब्रशच्या रूपात. नायलॉन स्वस्त आणि टिकाऊ, पण कोरड्या हवेत केसांवर घासले की विद्युतभार साठतो. कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग आपण वर्गात करतोच, तीच गोष्ट. कोरड्या अंगाचे केस त्याने आणखीच पिंजारतात.

तेव्हा मऊ, नैसर्गिक केसांचा ब्रश बरा. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा. तिथे बोचला तर कुत्र्यालाही बोचणार. मराठवाड्यातल्या आखूड केसांच्या कारवानीला एवढे पुरते. लांब केसांच्या पश्मीला मात्र आधी बोथट टोकांच्या विरळ दात्यांचा ब्रश लागतो.

पण तेल मुळात तयारच होत नसेल तर?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मिळाले. चरबी म्हणजे केवळ ऊर्जेचा साठा, असा तोवरचा समज होता. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना चरबी पूर्णपणे वगळलेला आहार दिला. उंदरांची कातडी खवलेदार झाली, शेपट्या झिजू लागल्या. आहारात थोडीशी चरबी घालताच ते सुधारले. हे १९२९ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले, की गुण लिनोलेइक आम्लाचा आहे. शरीराला ते बनवता येत नाही, अन्नातूनच मिळावे लागते. १९४३ साली हॅन्सन आणि वीज यांनी कमी चरबीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचीही कातडी कोरडी पडली होती.

आता परभणीला परत येऊ. लिनोलेइक आम्लाचा भरपूर साठा असलेले पीक आपल्या शिवारातच आहे : करडई. नेहमीच्या वाणांच्या तेलात हे आम्ल सुमारे ७५ टक्के असते. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने तर 'परभणी कुसुम' हा करडईचा वाणही दिला. आणि आमचा कुत्रा? तो नुसत्या कोरड्या भाकरीवर वाढत होता. घरात करडईचे तेल असूनही ते त्याच्या ताटलीपर्यंत कधी पोचले नव्हते.

रोज अर्धा चमचा तेल आणि मऊ ब्रश यांनी कोंडा थांबायला दीड-दोन महिने लागले. आमचा स्वतःचा साबण त्याला लावणेही आम्ही बंद केले. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्याची जवळजवळ उदासीन.

एक मात्र सांगायला हवे. सतत खाज असेल किंवा गोल चट्टे पडून केस गेले असतील, तर ब्रश लावूच नये. ते काम गोचिडांच्या जातकुळीतल्या सूक्ष्म किडींचे असू शकते, किंवा गजकर्णाच्या बुरशीचे. ही बुरशी ब्रशवरून दुसऱ्या जनावराला लागते आणि ब्रश धरणाऱ्या मुलालाही. तिथे आधी पशुवैद्य.