गाठ आणि पिन

पदराला पिन लावल्याशिवाय आज आपल्यापैकी कितीजणी घराबाहेर पडतात? मंगळसूत्रात नाहीतर बांगडीत एखादी जादा पिन अडकवलेली असतेच. परंतु वस्त्र अंगावर ठरावे म्हणून लोखंडाचा आधार घेण्याची चाल मूळची युरोपातली.

तिकडे थंडी फार. लोक जाड लोकरी वस्त्र खांद्यावरून पांघरीत आणि ते ब्रोचने अडकवीत. असे ब्रोच तीन हजार वर्षांपूर्वी काशाचे होत, पुढे लोखंडाचेही होऊ लागले. लोहार सळई तापवून, ठोकून बारीक करी, तिचे तोंड उघडे राहील असे कडे वळवी आणि त्यावर फिरती सुई बसवी. सुई कापडात टोचून टोक वर काढायचे, कड्याची फट त्या टोकाखालून न्यायची आणि कडे जरा फिरवायचे, की पक्के बसले. लोकरीची वीण सैल, त्यामुळे सुईचे भोक मिटून जाई.

आपले लोहार काही कमी नव्हते. विदर्भात माहुरझरी व नायकुंड येथे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोखंडी वस्तू सापडल्या आहेत. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. पण आपले कापड सुती. त्यातून खाडीकाठची दमट हवा आणि घाम. लोखंडाला गंज चढला की लुगड्यावरचा डाग सहजासहजी निघत नाही. मला वाटते, म्हणूनच आपल्याकडे गाठच बरी वाटली असावी. चोळीला पुढे गाठ, नऊवारीला काष्टा, पुरुषांच्या बाराबंदीला बंद. कोळणी आणि आगरी बायका काष्टा घट्ट खोचून चिखलात, बाजारात दिवसभर राबत, पैसे कनवटीला लावीत. फाळणीनंतर कोपरीत आलेल्या सिंधी भगिनींच्या सलवारीलाही नाडीची गाठच!

मग पिन आली कोठून? 1849 साली अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी एकाच तारेला वेटोळे देऊन सेफ्टी पिन केली व तिचे हक्क चारशे डॉलरना विकून टाकले. आपल्याकडे 1864 साली ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर मुंबईस आल्या. पारशी बायकांची साडी पाहून त्यांनी बंगालात नवी पद्धत रूढ केली. तीत खांद्यावर ब्रोच असे. पुढे पाचवारी व ब्लाउज घरोघर आले आणि पिन आपलीशी झाली.

पिनेला मी नावे ठेवीत नाही. तिने आपली सोय केली आहे. परंतु आता शिवलेली तयार नऊवारी बाजारात मिळते, आणि काष्टा कसा घालायचा हे मुलींना ठाऊक नसते. शेकडो वर्षे बायकांच्या बोटांत असलेली ही विद्या एका पिढीत जायला वेळ लागणार नाही. म्हणून आपल्या मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे: येत्या हळदीकुंकवाला नऊ वार लुगडे घेऊन या आणि लेकीसुनांना ते नेसायला शिकवा. गाठ मारायला पैसा लागत नाही, शिकवणारे हात तेवढे हवेत.